फक्त प्रथिनं मोजून कसं चालेल?
१०० ग्रॅम चिकनमध्ये ३१ ग्रॅम प्रथिनं, बीफमध्ये २६, म्हणून चिकन सरस, असं चिकन आणि बीफची तुलना करणाऱ्या लेखात म्हटलंय. चिकनचा हा आकडा शिजवलेल्या, कातडी काढलेल्या ब्रेस्टचा. लेगपीसमध्ये प्रथिनं कमी, चरबी जास्त. आणि लोह, झिंक, बी-१२ चं काय? तिथे बीफ बरंच पुढे, बी-१२ मध्ये तर कित्येक पटींनी. आपल्याकडे इतक्या बायकांना ॲनिमिया असताना हे वगळलेलं मला खरंच खटकलं. शिवाय पुण्यात, कॅम्पात काय नि कोंढव्यात काय, बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. गायींच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही आहे. म्हशीच्या मांसात चरबी साधारणपणे कमीच असते, तेव्हा परदेशी बीफचे चरबीचे आकडे कृपया इथे जसेच्या तसे लावू नका.