तेराव्यानंतरचं घर

काकांचा खून झाला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. २०१५ सालचा उन्हाळा. बार्शीकडच्या आमच्या गावात बांधावरून भांडण झालं, भावकीतल्याच एकानं कुऱ्हाड चालवली, आणि आठ वर्षांचा माझा चुलतभाऊ बैलांच्या दाव्याला धरून उभा राहून ते सगळं बघत होता. मी पोचले तोवर अंगणात माणूस मावत नव्हतं. घरात चूल पेटायची नाही म्हणून गल्लीतून दुरड्या भरून भाकरी येत होत्या, पिठलं येत होतं, मुलांसाठी कुणी वेगळा दूधभात आणत होतं. रात्री चार-पाच बायका काकूजवळ झोपायला असायच्या. इतकं सगळं कुणी ठरवून केलं नव्हतं. दुखवट्याच्या घरी काय करायचं हे आपल्या माणसांना उपजत कळतं.

तेराव्याचं जेवण झालं आणि पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या. मीही दुसऱ्या दिवशी निघाले.

काकूची खरी वणवण त्यानंतर सुरू झाली. शवविच्छेदनाचा अहवाल, फिर्यादीची प्रत, सातबाऱ्यावर वारसांची नोंद, सोसायटीचं कर्ज, मुलांच्या शाळेतले कागद. काकांचा मोबाइल मुद्देमाल म्हणून जमा होता आणि गॅसपासून बँकेपर्यंत सगळं त्याच नंबरवर होतं. खटला सात वर्षं चालला. दर तारखेला ती पहाटेच्या एसटीनं जायची आणि पुढची तारीख घेऊन संध्याकाळी परतायची. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक समोरच्याच बाकावर बसलेले असायचे. पोरगा त्या दिवसानंतर दोन वर्षं अंथरूण ओलं करत होता. शाळेत कुणी त्याला काही विचारलं नाही, घरात आम्हीही नाही. ‘लहान आहे, विसरेल’ असं म्हणणाऱ्यांत मीही होते. हे वाक्य आजही मला झोपू देत नाही.

२०१७ पासून मी बॉस्टनमध्ये आहे, एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत रात्रपाळी करते. गोळी लागलेला माणूस खाली आला की वरून एकाच नावासाठी पिशवीमागून पिशवी मागवली जाते. मग मध्येच मागणी थांबते. कधी शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते, कधी माणूस गेलेला असतो. आम्ही उरलेल्या पिशव्या परत शीतकपाटात ठेवतो. त्या नावामागे घर असतं, हे मला इतकी रात्र रात्र काम करूनही नीट दिसलं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईचा भाचा शहराच्या डॉर्चेस्टर भागात मारला गेला, आणि पुढच्या मे महिन्यात ती मला मातृदिनाच्या शांतियात्रेला घेऊन गेली.

ही यात्रा १९९६ पासून निघते. ती काढणाऱ्या संस्थेचं नाव लुईस डी. ब्राउन पीस इन्स्टिट्यूट. लुईस पंधरा वर्षांचा होता. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष व्हायचं, असं तो सांगायचा. २० डिसेंबर १९९३ रोजी टोळ्यांच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या मुलांच्या गटाच्या नाताळच्या कार्यक्रमाला तो भरदिवसा निघाला होता, आणि दुसऱ्यांच्या गोळीबारात सापडून गेला. १९९० साली या शहरात दीडशेच्या वर खून झाले होते. तो सगळा काळच तसा होता. लुईसची आई क्लेमेंटिना शेरी यांनी १९९४ मध्ये ही संस्था उभी केली.

संस्थेचं काम ऐकायला फार साधं वाटतं. खून झाला की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची माणसं त्या घरी जातात. अंत्यविधीचं कुठे, किती पैशांत, कुणाशी बोलायचं, वर्तमानपत्रवाल्यांना दारात उभं करायचं की नाही, कोणता फोटो द्यायचा, सरकारी भरपाईचा अर्ज कसा भरायचा, हे सगळं घरच्यांच्या बरोबर बसून करतात. गेलेल्या माणसाच्या फोटोचे बिल्ले करून देतात. आणि मग, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं म्हणजे, घरच्यांचं संस्थेत येणं कधी संपत नाही. यात्रेत माझ्या पुढे चालणाऱ्या आजीच्या छातीवरच्या बिल्ल्यातल्या मुलाचे केस जुन्या काळातल्या पद्धतीचे होते. तो जाऊन वीस वर्षं उलटली होती. ती अजून संस्थेत जाते, नव्यानं आलेल्या आयांजवळ बसते. गेली काही वर्षं ही संस्था स्वतःचं कायमचं घर बांधायच्या मागे आहे. सावरायचं, शिकायचं आणि शिकवायचं असं केंद्र.

हे आज लिहायला बसले त्याचं कारण आमच्या घरच्या ग्रुपवरचा वाद. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, तेव्हापासून तो या ना त्या रूपात चालूच आहे. फाशी, मोक्का, विशेष सरकारी वकील, कुणाचा राजीनामा, कोणत्या जातीचा मोर्चा किती मोठा. मार्च २०२५ मध्ये हत्येचे फोटो बाहेर आले आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या मोबाइलवर फिरले. त्याच महिन्यात त्या घरातली मुलगी बारावीचे पेपर देत होती. आमच्या ग्रुपवरही ते फोटो आले. मी लिहिलं, हे काढा, काकू आणि पोरगा या ग्रुपवर आहेत. मग इथल्या पीस इन्स्टिट्यूटबद्दल लिहिलं आणि म्हटलं, असं एक घर आपल्याकडे तालुक्याला का नसावं? मोठ्या दादानं उत्तर दिलं : ‘आधी न्याय, मग मलमपट्टी. अमेरिकेत बसून असली थेरं सुचतात.’

दादाचा राग मला कळतो, आणि त्याच्या म्हणण्यात एक खरी भीतीही आहे. ज्या गावानं गुन्हा झाकला त्याच गावानं उद्या समुपदेशनाची सतरंजी अंथरायची आणि म्हणायचं, आता झालं गेलं विसरा. दलित कुटुंबांच्या बाबतीत तर ‘समेट’ हा शब्द किती वेळा दबावासाठी वापरला गेला आहे हे आपल्याला माहीत आहे. न्यायाच्या जागी सांत्वन आणून ठेवणार असाल तर ते केंद्र न बांधलेलंच बरं.

पण ‘आधी’ म्हणजे कधी? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भैयालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर यांना मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल हृदयविकारानं गेले, तेव्हाही ते तिथेच पडून होतं. दहा वर्षं हा माणूस सभांना गेला, व्यासपीठांवर बसला, पत्रकारांना तीच रात्र पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सरकारनं नोकरी दिली, पोलीस संरक्षण दिलं. मात्र जिथे काही न सांगताही बसता येईल, अशी जागा या दहा वर्षांत त्यांना कुणी दिली का? न्यायासाठी उभं राहायचं तर माणूस आधी उभा राहू शकला पाहिजे. आमच्या खटल्यात दोन साक्षीदार फिरले. काकू फिरली नाही, पण तिसऱ्या वर्षी ती मला फोनवर म्हणाली होती, ‘मिटवून टाकू का गं?’ तिला पटलं होतं म्हणून नव्हे, ती थकली होती म्हणून.

आपल्याकडे कायदे कमी आहेत असंही नाही, उलट कागदावर काही बाबतींत अमेरिकेपेक्षा जास्त आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांत खून झालेल्या कुटुंबाला सव्वाआठ लाख रुपये आहेत, अर्धे शवविच्छेदनानंतर आणि अर्धे आरोपपत्रानंतर. शिवाय दरमहा निवृत्तिवेतन आहे, खटल्याला येण्याजाण्याचा खर्च आहे. इतर सर्व पीडितांसाठी २००९ पासून भरपाईची तरतूद आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळते. २०१३ ची मनोधैर्य योजना बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आहे. काकूला मात्र या प्राधिकरणाचं नावसुद्धा पाच वर्षं ठाऊक नव्हतं. सांगायला कुणाला सवडच नव्हती. आम्ही तिकडे २०२१ मध्ये बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर करून फाशीची तरतूद वाढवत होतो. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. अर्ज भरायला बाईच्या शेजारी बसणारं माणूस नेमायला कुठल्या विधेयकाची गरज होती?

आणि हे आपल्या मातीत रुजत नाही असं म्हणणाऱ्यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात जाऊन यावं. तिथलं ‘दिलासा’ केंद्र मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून दोन हजार सालाच्या सुमारास सुरू केलं. नवऱ्यानं मारलेली बाई पोलीस ठाण्यात जात नाही, पण डोकं फुटलं तर टाके घालायला रुग्णालयात येतेच, ही त्यामागची साधी, शहाणी गोष्ट. त्याआधी १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस यंत्रणेत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडले. म्हणजे जागा कुठे हवी, तिथे कोण बसायला हवं, हे आपल्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. खून झालेल्या घराला मात्र कुणी त्यात धरलं नाही.

बॉस्टनचं सगळं सोनं आहे असं मी म्हणणार नाही. इथे पोरांच्या हातात पिस्तुलं आहेत. ती नसती तर अर्ध्या बिल्ल्यांवरचे चेहरे आज त्या यात्रेत चालले असते. शोक शहराच्या ठरावीक भागांतच साचला आहे : डॉर्चेस्टर, रॉक्सबरी, मॅटापॅन. उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी मला सांगितलं, त्या भागात जाऊ नकोस. गावाकडे वस्तीबद्दल हेच ऐकत मी मोठी झाले. २०२४ मध्ये इथे चोवीस खून झाले, १९५७ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. पण एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्यानं देशभरातली हिंसा रोखण्याची आणि पीडितांना मदत करण्याची शेकडो अनुदानं एका फटक्यात रद्द केली. म्हणूनच घर स्वतःचं असावं, भिंती कुणाच्या मर्जीवर असू नयेत, हे मला इथे पटलं.

शेरीबाईंच्या कामातली एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही, धीर झाला नाही. ज्याला त्यांच्या मुलाच्या मृत्यूबद्दल शिक्षा झाली, त्याच्या आईलाही त्या जाऊन भेटल्या. संस्था दोन्हीकडच्या घरांबरोबर काम करते. आमच्या बांधापलीकडची, कुऱ्हाड चालवणाऱ्याची आईही एकदम तोंड चोरून जगायला लागली. तिची सून माहेरी निघून गेली, नातू माझ्या भावाच्याच वर्गात होता. सात वर्षं दोघं एका खोलीत बसले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. त्या नातवानं काय केलं होतं?

माझ्या मनातलं घर मोठं नाही. उपजिल्हा रुग्णालयाजवळ, कारण प्रेत ताब्यात घ्यायला सगळे तिथेच ताटकळत असतात. तीन खोल्या. एकीत कागदपत्रं जाणणारी, तलाठी आणि कोर्ट दोन्हीकडे बिचकत नाही अशी बाई. एकीत मुलांसाठी वाळू, रंग, आणि त्यांच्याशी बोलायचं शिक्षण घेतलेलं कुणीतरी. तिसरी खोली स्वयंपाकघर, कारण आपली माणसं चहाशिवाय आणि हाताला काम असल्याशिवाय बोलत नाहीत. शेंगा फोडता फोडता जे निघतं ते समोरासमोर खुर्च्या मांडून निघत नाही. तारखेच्या दिवशी काकूसारख्या बाईबरोबर कोर्टात कुणीतरी जाईल. आणि ते घर तेराव्याला बंद होणार नाही, निकालाच्या दिवशीही नाही. आपण परदेशातले लोक देवळांना, शाळांच्या खोल्यांना पैसे देतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना बँकेतून सरळ देता येतात; ज्यांनी नागरिकत्व बदललं त्यांना परकीय योगदान कायद्याची नोंदणी असलेली संस्था गाठावी लागेल. मी माझ्या वर्षातल्या एका पगारापासून सुरुवात करते आहे, आणि दादालाही फोन करून हेच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘जागेचं मी बघतो.’

गेल्या रविवारी काकूला सगळं समजावून सांगितलं. बायका कशा जमतात, बिल्ले कसे करतात. तिनं विचारलं, फोटो कोणता चालतो, लग्नातला चालेल का. मग थोडं थांबून : ‘अन् पलीकडची? तिला बी घेनार का तुमी?’

मी म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही.

‘येऊ दे तिला,’ काकू म्हणाली. ‘पर मी आसंल त्या दिवशी नगं.’