आरसीसीबीचे बटण आणि अर्थिंग
नूतनीकरणानंतर भाड्याच्या घरासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल सक्तीचा करावा, ही घरातील वायरिंगच्या सुरक्षिततेवरील लेखातील सूचना योग्यच आहे. मात्र मालक स्वतः राहतो ते घर त्यातून का वगळावे, हे कळले नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांतील वायरिंगची तपासणी किमान दर 5 वर्षांनी करावी लागते. आपल्याकडे वाढीव वीजभार मागितला नाही, तर नव्या वायरिंगकडे सहसा कोणी फिरकतही नाही. आमच्या स्वयंपाकघराचे काम झाल्यावर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणीचे बटण दाबताच तो ट्रिप होत असे, म्हणजे वीज तोडत असे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पुढे गिझरचा सॉकेट उघडला, तेव्हा अर्थिंगची हिरवी तार न जोडताच आत गुंडाळून ठेवलेली दिसली. त्या बटणाने अर्थिंग तपासले जात नाही, एवढे तरी काम पूर्ण करून ताब्यात देताना ठेकेदाराने सांगायला हवे होते.