सांधा न दिसता कापणे हीच खरी कसोटी
चाहत्यांनी एखादा चित्रपट स्वतः कापून-जोडून केलेले पुनर्संकलन म्हणजे दिग्दर्शकाचा अवमान, हे अशा पुनर्संकलनांवरील तुमच्या लेखातील मत मला पटले नाही. १९९९ च्या 'स्टार वॉर्स : द फँटम मेनेस'ची 'द फँटम एडिट' ही आवृत्ती माइक निकोल्स या संकलकाने तयार केली. तिच्यात जार जार बिंक्स या विनोदी पात्राचा वावर आणि लांबलेले खुलासे कमी करून सुमारे १८ मिनिटे गाळली आहेत, आणि एकही नवे दृश्य चित्रित न करता कथा नेटकी झाली आहे.

मी बेळगावात लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करतो, त्यामुळे यातली खरी अडचण जाणतो. संवाद आणि संगीत एकाच ध्वनिपट्टीत मिसळलेले असले, की मधले एक वाक्य काढताच संगीताला हिसका बसतो. कन्यादानाच्या वेळी भटजींच्या मंत्रांमागे सनई चालू असते. तिथे दहा सेकंद कापली तर तुटलेला सूर घरातल्या आजीच्याही कानाला लगेच खटकतो. चित्रपटाच्या डीव्हीडीवर ध्वनी बहुधा वेगवेगळ्या स्पीकरसाठीच्या वाहिन्यांत विभागलेला असतो आणि संवाद बहुधा मधल्या वाहिनीवर असतात, एवढाच काय तो आधार. तेवढ्यावर रात्र-रात्र जागून सांधे बुजवणाऱ्या माणसाचे त्या चित्रपटावर मनापासून प्रेम असते, असे मी अनुभवाने सांगतो. मूळ आवृत्ती मात्र प्रेक्षकांना कायम उपलब्ध राहिलीच पाहिजे.