खोली पक्की झाली, आत काय?

गडचिरोलीतल्या कुर्माघरांचा वाद टांझानियातल्या दार एस सलाममध्ये बसून वाचताना एक गोष्ट खटकते. एक बाजू म्हणते, पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या झोपडीत, म्हणजे कुर्माघरात, बसवणं बंद करा. दुसरी म्हणते, रूढी सुटत नाही तर निदान संडास-पाण्याची पक्की खोली द्या. आतली मुलगी तिथे दिवसभर काय करते, तिच्याशी कोण बोलतं, याकडे दोघांचंही फारसं लक्ष नाही.

इथल्या किनाऱ्यावरच्या झारामो लोकांत मुलीला न्हाण आलं की तिला महिनोन्‌महिने घरात वेगळं बसवत. तिच्या हाती लाकडी बाहुली देत, म्वाना हिती. वीतभरही नाही. हातपाय नाहीत, गोल ठोकळ्यासारखं धड, इवलेसे स्तन, बेंबी आणि डोक्यावर मधोमध फट असलेला दुहेरी तुरा. लाकडाची नसेल तर भोपळा किंवा मक्याचं कणीसही चाले. मुलीने तिला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, केसांची निगा राखायची. शिकवणारी कुंग्वी मुलीचं जे करी, तेच मुलीने बाहुलीचं करायचं. हेळसांड झाली तर पुढे मूल होणार नाही, ही धास्ती असे. आपल्याकडे मखरात बसवून ओटी भरत, त्यातलाच प्रकार. ओटीतल्या नारळाला कुणी न्हाऊ घालत नसे, एवढंच.

बाजारात हीच बाहुली ‘मूल होण्याची मूर्ती’ म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारतात. वापरातली बाहुली हात लागतो तिथे झिजलेली असते, तेल लाकडात मुरलेलं असतं. नकलीचा काळेपणा खाचेतही तसाच आणि कडेवरही तसाच.

पण याचे गोडवे नकोत. कुंग्वीच्या धड्यांत नवऱ्याची मर्जी सांभाळणंही होतं आणि खोलीबाहेर बहुधा लग्न उभं असे. टांझानियाच्या 1971च्या विवाह कायद्याने मुलीला पंधराव्या वर्षीही लग्नाची मुभा दिली. ती तरतूद घटनाबाह्य असल्याचा निकाल 2019मध्ये अपील न्यायालयाने कायम केला. शाळांमुळे वेगळं बसण्याचा काळही आक्रसला आहे.

झारामोंचं बसणं वयात येण्यापुरतं, कुर्माघर दर महिन्याचं. त्यामुळे माझं मत कुर्माघर बंद करण्याच्याच बाजूने. ते होईपर्यंत पक्क्या खोलीच्या अंदाजपत्रकात विटा-सिमेंटसोबत आशाताईंच्या दरमहा फेरीचे पैसेही धरावेत, आणि रक्तक्षय तपासायची जबाबदारी त्यांच्याकडे नावानिशी द्यावी.