रामानुजनचं नाव घेण्याआधी

आज भाच्याने फोनवर ऐकवलं, "मावशी, एम.एस्सी. कशाला? सगळं युट्यूबवर फुकट आहे. रामानुजन कुठे डिग्री घेऊन बसला होता?" फोन ठेवला तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

आधी रामानुजनचं. १९१३ साली त्याने केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र कशासाठी लिहिलं रे बाबा? पोस्टाची तिकिटं उरली होती म्हणून? आपलं काम वाचून कळणारं माणूस हवं होतं त्याला. मूळसंख्यांबद्दलचे त्याचे काही दावे चुकीचेही निघाले. पुढच्या वर्षी तो केंब्रिजला गेला आणि १९१६ मध्ये तिथली डिग्रीही घेतली. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता माझं. नोकरी सांभाळून दोन वर्षं मी एकटीने रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसचा काटेकोर पाया, शिकले. कंटिन्युअस (आलेख कुठेही न तुटणाऱ्या) फंक्शन्सच्या सिक्वेन्सचं लिमिट कंटिन्युअसच असतं, हे सहा ओळींत 'सिद्ध' करून खाली ऐटीत दोन रेघा मारल्या होत्या. पुढे विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर कौतुक होईल म्हणून ती वही मॅडमना दाखवली. त्यांनी तिसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "हा एन कुठून आणलास? एक्स बदलला तरी हाच चालेल?" मी गप्प. "शून्य ते एकमध्ये एक्सचा एनवा घात घेऊन बघ."

घेतला. एकच्या अलीकडे सगळीकडे लिमिट शून्य, आणि एकवर एक, म्हणजे तिथे उडी! सहाच्या सहा ओळी पाण्यात. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची (सगळ्या एक्सना एकच एन चालला पाहिजे, ही अट) व्याख्या मला तोंडपाठ होती हो. ती कशासाठी आहे, ते त्या दिवशी कळलं. (कोशी या मोठ्या गणितज्ञाने १८२१ मध्ये जवळपास हीच चूक छापली होती आणि १८२६ मध्ये आबेलने ती दाखवली. म्हणजे संगत चांगली होती.)

व्हिडिओ आपण हवा तिथे थांबवतो. पण तिसऱ्या ओळीवर आपल्याला कोण थांबवणार?

हो, विद्यापीठात नोट्स घोकून पास होणारेही ढीगभर बघितलेत. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या घडाघडा म्हणतील, डेल्टा एप्सिलॉननंतरच का निवडायचा विचारलं की छताकडे बघतील. गॅल्वासारख्या गणितज्ञाला फ्रान्सच्या एकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेने दोनदा प्रवेश नाकारला. आणि फी सगळ्यांना परवडत नाही. मान्य, मान्य.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या दोन वर्षांच्या रात्री नसत्या तर मॅडमपुढे ठेवायला वहीच नसती. वर्गातल्या कितीतरी जणांकडे स्वतःचा चुकीचा पुरावासुद्धा नव्हता. भाच्याकडे असेल. गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता त्याचा मेसेज होता, "मावशी, कॉम्पॅक्ट म्हणजे काय ते आत्ता कळलं!!"

काय कळलं, ते मी विचारलं नाही. अंगठा पाठवला आणि झोपले.

उद्या फोन करते त्याला.