घाबरट नाहीत त्या मुली

'जास्त संवेदनशील विद्यार्थिनींना चिंता जास्त, म्हणून त्यांचं समुपदेशन करा' हे नर्सिंगच्या विद्यार्थिनींवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. म्हणजे दोष मुलीच्या मनातच? मी नाशिकमध्ये वॉर्ड सिस्टर आहे. मागे सुरगाण्याकडच्या एका आजींचा संमतीपत्रावर अंगठा घेतला, कशासाठी ते कोणी धड सांगितलंच नाही. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी शेजारीच उभी होती, तिला आजींची बोली येत होती. "मी समजावू का?" म्हणाली, तर "तू आधी तुझी वही भर" हे उत्तर. त्यानंतर ड्युटी म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा. योग्य काय ते कळतं, पण करू दिलं जात नाही, या कोंडीला अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच नाव दिलंय, 'मॉरल डिस्ट्रेस'. त्यावर एकटं समुपदेशन काय करणार?

या मुलींच्या लॉगबुकात, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, इंजेक्शनं किती दिली, ड्रेसिंग किती केली, सगळ्याच्या सह्या लागतात. 'आज काय खटकलं' यासाठी मात्र कुठे जागा नाही. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, तिथल्या कुणी हे वाचत असेल तर लॉगबुकात तेवढं एक पान घाला. आणि ते वाचणारी व्यक्ती त्याच वॉर्डातली नको, नाहीतर कोरंच राहील.