फक्त ग्राफिक्स कार्ड बदल म्हणे!

"फक्त ग्राफिक्स कार्ड बदल, बाकी मशीन चालेल अजून." असं सांगणाऱ्यांना एकदा रांगेत उभं करायचंय मला! कार्ड घ्यावं, तर पॉवर सप्लाय पुरत नाही. तो बदलावा, तर कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही. मावलंच, तर जुना प्रोसेसर धापा टाकतो. त्यात विंडोज ११ त्याला दारातूनच हाकलतं, म्हणे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणा. गेम खेळायचाय की तिजोरी सांभाळायचीय? बरं, नवा प्रोसेसर घेऊ. तो बसवायचं सॉकेट वेगळं! म्हणजे मदरबोर्डही नवा. एएमडी प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटवाल्या बोर्डावर जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम बसतच नाही, म्हणजे धडधाकट रॅम अडगळीत. जुन्यातलं उरलं काय? कीबोर्ड आणि माउस! हे म्हणे कमी खर्चातलं काम. एवढं करून गेम मागतो १०० जीबी जागा. त्यासाठी नवी एसएसडी ड्राइव्ह कोण देणार, तुझे काका?